परबांनी न मानलेले आभार

परब यायच्या आधी त्यांचा हॉर्न यायचा. डिचोलीच्या बाजारामागे शेट्येंचा छापखाना आहे. त्याच्या दारात स्कूटर उभी करायची, उतरायचं नाही आणि आतून कुणी बाहेर येईपर्यंत हॉर्नवरचा अंगठा काढायचा नाही, ही त्यांची पद्धत. आत शेट्ये कुणाची लग्नपत्रिका ठरवत असोत की कुणाच्या बाराव्याचं पत्र, परबांना त्याचं काही नसे. आयुष्यभर त्यांनी सुर्ल्याच्या लोहखनिजाच्या खाणीवरचा ट्रक चालवला होता. समोरच्याने बाजूला व्हायचं असतं, एवढीच गोष्ट ते त्यातून शिकले होते.

"साइड दी!" हे त्यांचं लाडकं वाक्य. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, देवळात तीर्थ घेतानासुद्धा ते "साइड दी" म्हणायचे आणि कोपर पुढे काढायचे. चालताना वळायचं झालं की हात बाहेर काढून दाखवायचे. खुर्चीतून उठताना उजव्या खांद्यावरून एकदा मागे बघून घ्यायचे. अनोळखी माणसाला हे बघून हसू येई. मलाही सुरुवातीला आलं होतं.

मला परब आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती पाळली तर मला पुढचं काहीच सांगता येणार नाही.

मी डिचोलीच्या एका शाळेत मराठी शिकवायची. माहेर पेडण्याचं, लग्न होऊन इथे आले. शेट्येंचा मुख्य धंदा पत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचा; पण त्यांना पुस्तकांचं वेड. वर्षातून एखादं पुस्तक ते हौसेने काढायचे आणि त्याचं संपादन माझ्या गळ्यात घालायचे. खाणी बंद पडल्या त्यानंतरची ही गोष्ट. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागांत ट्रक ओळीने उभे होते, त्यांच्या हौद्यांत गवत वाढलं होतं आणि ड्रायव्हर लोक चहाच्या गाड्यांवर दिवस काढत होते. अशा एका दुपारी परब साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन छापखान्यात आले आणि ती मेजावर आपटली.

"हे काय?" शेट्येंनी विचारलं.

"पुस्तक."

"कसलं पुस्तक?"

"माझा."

पिशवीत फुलस्केप कागदांचा गठ्ठा होता. अक्षर मोठं, शिरोरेघ कुठे आहे, कुठे नाही. दोडामार्गाकडच्या एका गावातून पोरवयात क्लीनर म्हणून सुर्ल्याला आल्याचं, ट्रकखाली झोपल्याचं, नदीकाठी बार्जेत माल ओतल्याचं सगळं त्यांनी लिहून काढलं होतं. अर्धंअधिक स्वतःची फुशारकी. पण दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं: 'पहिल्या दिवशी संध्याकाळी आंघोळ केली तेव्हा पाणी लाल गेलं, मला वाटलं मला कुठेतरी लागलंय.' ते वाक्य वाचलं आणि मी पुस्तक करायला हो म्हटलं. परबांशी माझं जे काही चांगलं नातं होतं, ते त्या वाक्याशी होतं.

शनिवारी शाळा सुटली की आम्ही छापखान्यात बसायचो. मी तपासलेली पानं त्यांच्यासमोर ठेवायची. ते एकेक पान उन्हाला धरल्यासारखं लांब धरायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"माझ्या पानार अपघात केल्यात तुमी," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "जिकडे तिकडे रगत."

"लाल शाई आहे ती, परब. एकच गोष्ट तुम्ही तीन ठिकाणी सांगितली आहे."

"तीन फावट घडली, म्हणान तीन फावट सांगलंय."

शेट्येंकडचा चहा त्यांना कधीच पटला नाही. एक घोट घ्यायचे, पेला परत ठेवायचे, "गटाराचा पाणी" म्हणायचे आणि मग उरलेला पिऊन टाकायचे. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना घरी जेवायला बसवलं. त्यांनी माशाचं हुमण चाटूनपुसून खाल्लं आणि उठताना त्याला म्हणाले, "टीचरांच्या हुमणाक तिरफळां कमी. शाळेत जाणाऱ्या बायलांचा असाच."

खोटं बोलायलाही ते लाजत नसत. एका प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं की एक मंत्री जेटीवर आला होता आणि सगळ्या ड्रायव्हरांत त्याने फक्त परबांचा हात हातात घेतला. शेट्येंनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"परब, मी होतो तिथे. पत्रकं छापून नेली होती मी. मंत्र्याने हात मिळवला तो सावंत ड्रायव्हराशी. तुम्ही मागे ट्रकात बसून होता."

परब जराही हलले नाहीत. "सावंत पुस्तक लिवता काय?"

"नाही."

"मी लिवतंय. मगे हात माझो."

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं. मंत्र्याचा हात मी काढून टाकला आणि परब पुढच्या शनिवारी आलेच नाहीत.

त्याऐवजी ते माझ्या शाळेत गेले. मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला आला म्हणून खाली गेले, तर मुख्याध्यापिकेच्या खोलीत परब खुर्चीवर पाय पसरून बसलेले आणि दाराशी निम्मा स्टाफ. परब मोठ्याने सांगत होते, "तुमची ही टीचर कितक्या म्हयन्यांपासून माझा पुस्तक अडवन बसली हा. तिका मराठी लिवूक येता, पण तिका माणूस समजणा नाय. पोरांचे पेपर तरी वेळेर तपासता मां?"

मुख्याध्यापिकाबाई मला बाहेरची कामं शाळेच्या वेळेत करू नका म्हणाल्या. मी ती कधीच करत नव्हते. खोलीबाहेर कुणीतरी हसलं. त्यानंतर कितीतरी आठवडे मी परबांशी एक शब्द बोलले नाही. पानं शेट्येंमार्फत जायची आणि शेट्येंमार्फत यायची. पुस्तक सोडून द्यावं असं रोज मनात यायचं. पण लाल पाण्याचं ते वाक्य असणारं पुस्तक दुसरं कुणी नीट करेल असंही वाटत नव्हतं.

चित्रांसाठी शेट्येंनी अक्षताला बोलावलं. ही पेडण्याची मुलगी, एका शाळेत चित्रकला शिकवायची, हात अतिशय गोड. स्वभावही गोड असावा. परबांनी तो दोन भेटींत नासवला. तिने पहिलं चित्र आणलं ते भरल्या ट्रकचं. परबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्यो ट्रक अमेरिकेत चलतलो."

"म्हणजे?"

"स्टिअरिंग खंय काढलंस बघ. डावीकडे. आणि ह्यो डायवर? ह्यो सिनेमातलो. ह्याच्या केसांक तेल आसा. खाणीर धुळो लागता, तेल नाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी तिला स्कूटरवर घालून ट्रकांच्या तळावर नेलं आणि तापलेल्या केबिनमध्ये चढवलं. ती उतरेपर्यंत तिचा कुर्ता तांबडा झाला होता. "आता काढ," म्हणाले. तिने रागाने पेन्सिल त्यांच्याच हातात दिली, "तुम्हीच काढा." परबांनी खरंच काढलं. एक चौकोन आणि खाली चाकं. पाव भाजायच्या भट्टीला चाकं लावल्यासारखं दिसत होतं. "बघ," ते म्हणाले, "ह्यो ट्रक." हे अक्षता आम्हाला सांगत होती तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण पुढच्या सगळ्या चित्रांतले ट्रक बघितले की वाटायचं, यांच्यावर हात ठेवला तर चटका बसेल.

त्यांचं बारावं प्रकरण मात्र आमच्या सगळ्यांच्या आवडीचं होतं. त्यात सुर्ल्याच्या वळणावरची गोष्ट होती. खाणीचा गाळ पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत उतरला, भाताची रोपं गाडली गेली, तेव्हा गावातली माणसं रस्त्यात येऊन बसली. खाणीकडून येणारे ट्रक अडले. रांगेत पहिला ट्रक परबांचा. समोर रस्त्यात बसलेल्यांत त्यांचा मेहुणा, बायकोचा भाऊ विष्णू. परबांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि विष्णूच्या शेजारी मांडी घालून बसले. मागचे ट्रक हॉर्न मारत राहिले. कुणीतरी चहा आणला. 'त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या ट्रककडे समोरून बघितलं,' असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्या प्रकरणाला लाल शाई लावली नाही.

अक्षताचं सगळ्यात चांगलं चित्रही त्याच प्रकरणाचं. रस्त्यात बसलेली माणसं, त्यांत ड्रायव्हरचा गणवेश घातलेला एक, आणि मागे आभाळाएवढा ट्रक. परबांनी ते परत पाठवलं. "तोंड माझा नाय." तिने चेहरा पुन्हा काढला. परत पाठवलं. पुन्हा काढला. "नाय. तोंड माझा नाय." शेवटी ती म्हणाली, आता तोंड त्यांनी घरूनच आणावं.

पानांवर मजकूर लागला, त्या एका चेहऱ्याशिवाय चित्रंही लागली, आणि शेट्ये म्हणाले, "परब, शेवटचं एक पान राहिलं. आभार लिहून द्या."

"कसले आभार?"

"पुस्तकाला ज्यांनी मदत केली त्यांचे."

"कोणी माझो ट्रक ढकललो काय? स्टार्टर मी मारलंय, चलवलंय मी. तुमी रस्त्याकडेक उभी ऱ्हवन हात दाखयत होतात."

मला आमच्या नावांची पर्वा नव्हती. पण त्यांची बायको सुनंदाबाई, तिचं नाव यायलाच हवं असं मला वाटत होतं. एकदोनदा मी सुर्ल्याला त्यांच्या घरी बसून मजकूर उतरवून घेतला होता. परब ओसरीवर सांगायचे आणि आतून, चुलीकडून, तिचा आवाज यायचा: "तो पावस नव्हतो, चतुर्थी जाली ती." "तो बैल काळो न्हय, तांबडो." परब तिच्यावर खेकसायचे आणि मग तिने सांगितलेलंच मला सांगायचे. गाळाखाली गेलेल्या शेताची सगळी पानं तिची होती. शेत तिच्या माहेरचं, सुर्ल्यातलंच. मी परबांना म्हटलं, दुसऱ्या कुणाचे नको, तिचे तरी आभार माना. ते म्हणाले, "घरच्या माणसाचे आभार मानतत काय कोण?" आणि हॉर्न मारत निघून गेले.

म्हणून तिलाच विचारायला मी एका सकाळी सुर्ल्याला गेले. परब घरी नाहीत हे बघूनच गेले. सुनंदाबाई अंगणात भिरण्डं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं उन्हात घालत होती. हात मनगटापर्यंत लाल. तिने मला पाटावर बसवलं, सरबत दिलं आणि माझं बोलणं संपेपर्यंत काम थांबवलं नाही.

"माझा नाव नाका, टीचर."

"का हो? परबांनी काही म्हटलं तर मी—"

"ते कितें म्हणतले?" तिने एक साल उलटं घातलं. "परवा तुमची छापिल्ली पानां घरात दवरून गेले हे. आमच्या पोरीन माका वाचून दाखयलीं. तुमच्या पुस्तकात माझो भाव ह्यांच्या बाजूक बसून चाय पिता."

"हो. ते प्रकरण फार सुंदर आहे."

"माझ्या घराच्या उंबऱ्याक त्याचो पाय लागूक नाय त्या दिसापसून. मग चाय खंय पिल्यान?"

मला काहीच समजलं नाही. तिने मग सरळ सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. रस्त्यात माणसं बसली होती हे खरं. पहिला ट्रक ह्यांचा होता हेही खरं. पण ट्रक थांबला नाही. माणसं ओरडत दोन्ही बाजूंना पांगली. विष्णू बसून राहिला. बहिणीचा नवरा आपल्यावर गाडी घालणार नाही असं त्याला वाटलं असेल. शेवटच्या क्षणी तो बसल्या बसल्या बाजूला सरकला, पण ट्रकचा पुढचा भाग लागला आणि तो गटारात फेकला गेला. मांडीचं हाड मोडलं. नीट जुळलं नाही. तेव्हापासून तो पाय ओढत चालतो. तिला भावाला भेटायचं असेल तर ती एकटीच माहेरी जाते.

"खोट्याक माझा नाव लावू नाका," ती म्हणाली. "बाकी तुमचा पुस्तक बरा आसा."

त्याच दुपारी छापखान्यात परब होते. अक्षताही चेहऱ्याचं काय करायचं ते विचारायला आलेली. मी दारातूनच म्हटलं, "परब, विष्णू पाय ओढत चालतो ना?"

परबांनी हातातला पेला खाली ठेवला. उजव्या खांद्यावरून मागे बघितलं, पण उठले नाहीत.

"कोणी सांगल्यान?"

"सुनंदाबाईंनी. तुम्ही थांबला नव्हता."

छपाईचं यंत्र चालू होतं. शेट्येंनी जाऊन ते बंद केलं. परबांनी पेला मेजाच्या कडेला सरकवला.

"मागे गाड्यांची रांग होती," ते म्हणाले. "सगळे हॉर्न मारीत होते. माका वाटला, तो उठतलो. सगळे उठले. तो उठाक नाय."

"मग हेच लिहा."

"लिवल्यार लोक वाचतले."

"वाचायलाच तर पुस्तक काढतोय आपण."

"टीचर," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा एवढा खालचा आवाज मी ऐकला नव्हता. "रस्त्यार माका थांबाक जमला नाय. माझ्याच पुस्तकात तरी थांबाक देशात काय नाय?"

कुणी असं विचारलं की मन विरघळायला हवं. माझं विरघळलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईचे लाल हात होते आणि तिचं ते 'चाय खंय पिल्यान'. मी म्हटलं, "नाही. विष्णू जिवंत आहे. स्वतःला त्याच्या शेजारी बसवायचा तुम्हाला हक्क नाही."

मग परब नेहमीचे परब झाले. मला म्हणाले की फळ्यावर खडू चालवून ज्यांचं पोट भरतं त्यांनी ब्रेकच्या गोष्टी करू नयेत. शेट्येंना म्हणाले की त्यांचं यंत्र आणि त्यांची अक्कल दोन्ही गंजली आहेत. अक्षताकडे वळले तेव्हा तीच आधी बोलली.

"परबकाका, मी इतक्या वेळा तुमचा चेहरा काढला. दर वेळी तुम्ही म्हणालात, तोंड माझं नाही." तिने चित्र उचलून पिशवीत घातलं. "बरोबरच म्हणत होता तुम्ही."

परब उठले. दारात शेट्येंचा कामगार कागदाचं बंडल घेऊन येत होता, त्याला "साइड दी" असं किंचाळले आणि गेले.

पावसाळाभर त्यांचा हॉर्न आला नाही. लावलेली पानं शेट्येंनी कपाटावर टाकली आणि वर पत्रिकांचे गठ्ठे ठेवले. अक्षताने विचारलं नाही, मीही नाही. खरं सांगायचं तर शनिवार मोकळे मिळाल्याचं मला बरंच वाटत होतं. चतुर्थी झाली, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं सुकली, आणि एका संध्याकाळी मी छापखान्यात कुणाच्या तरी कवितांचं प्रूफ बघत असताना बाहेर हॉर्न वाजला. थांबेचना. शेट्ये बाहेर गेले आणि परबांना घेऊन आत आले.

परब बसले नाहीत. "ता आभाराचा पान ऱ्हवला हा मां? लिवा." आणि मी पेन उघडल्यावर, "मी सांगतंय तसा लिवा. मराठीत करा, पण गोड करू नकात."

त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, मी लिहिलं. ते असं होतं:

'शेट्ये यांनी माझं पुस्तक लग्नपत्रिकांखाली दाबून ठेवलं. त्यांच्याकडचा चहा वाईट आहे. टीचरांनी माझी निम्मी पानं मारली आणि उरलेल्या पानांना अपघात केला. मंत्र्याचा हात त्यांनी काढून टाकला. तो सावंतांचा होता. अक्षता हिला ट्रक काढता येत नव्हता, आता येतो. माझी बायको सुनंदा मी सांगत असताना प्रत्येक वेळी चूक आहे म्हणाली. प्रत्येक वेळी ती बरोबर होती. माझा मेहुणा विष्णू सुर्ल्याच्या वळणावर रस्त्यात बसला होता. मला वाटलं तो उठेल. मी गाडी थांबवली नाही.'

मी शेवटचं वाक्य लिहून मान वर केली. परब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"हे बाराव्या प्रकरणात घालू या," मी म्हटलं. "जुनं काढून त्या जागी."

"नाय. हयच."

शेट्ये म्हणाले, "अहो परब, आभाराचं पान कुणी वाचत नाही."

"म्हणानच हय."

मला तो भ्याडपणा वाटला. अजूनही वाटतो. मोठ्या आवाजात खोटं बोलणारा माणूस खरं मात्र पुस्तकाच्या शेपटाला, कुणी बघणार नाही अशा जागी ठेवतो, याचा मला राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. परब म्हणाले, "तुमका खरा होया होता. खंय होया ता तुमी सांगाक नव्हतात." बारावं प्रकरण त्यांनी स्वतः काढून टाकायला सांगितलं, पण पुढचे आकडे बदलू दिले नाहीत. आमच्या पुस्तकात अकराव्या प्रकरणानंतर तेरावं येतं. वाचक अजून शेट्येंना छपाईची चूक कळवतात.

हे पान मी सुनंदाबाईंना नेऊन वाचून दाखवलं. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ऱ्हांव दी माझा नाव."

अक्षताने प्रूफ वाचलं आणि आठवड्याने एक चित्र आणून दिलं. तेच वळण, तीच रस्त्यात बसलेली माणसं, या वेळी पाठमोरी. समोर ट्रक, चालता. ड्रायव्हरचा चेहरा काढलेला नव्हता. काचेवर तांबड्या धुळीचा जाड थर होता आणि त्यामागे कुणीतरी आहे एवढंच कळत होतं. परबांनी ते चित्र हातात घेतलं, नेहमीसारखं लांब धरलं. आम्ही तिघंही शिवीची वाट बघत राहिलो.

"हां," ते म्हणाले. "घाला ह्या."

ते चित्र आभारांच्या समोरच्या पानावर आहे.

प्रकाशनाचा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात झाला. पाहुणे तासभर बोलले. लेखकाने दोन शब्द बोलावेत म्हणून परबांना उभं केलं, तर त्यांनी माईकवर बोट आपटलं, "छापलेला आसा, वाचा," म्हणाले आणि जाऊन बसले. पाहुण्यांना अपमान वाटला. विष्णूला आमंत्रण होतं. तो आला नव्हता. जाताना सुनंदाबाईंनी एक प्रत पदराखाली घेतली, भावाला द्यायला. परबांनी ते बघितलं. माझा निरोप घ्यायचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

त्यानंतर, ते जाण्याआधी, मला परब एकदाच दिसले. थंडीत सुर्ल्याला एका विद्यार्थिनीचं लग्न होतं. परतताना रस्त्याच्या खालच्या अंगाला शेतात वायंगणाची, हिवाळी भाताची, लावणी चाललेली दिसली. गाळ काढून ती शेतं पुन्हा करायला लोकांनी नुकती सुरुवात केली होती. बांधावर परब उभे होते, छत्री नाही, टोपी नाही, हात मागे बांधून. खाली चिखलात एक माणूस रोपं लावत सरकत होता आणि सरकताना एक पाय ओढत होता.

मी स्कूटर थांबवली आणि उतारावरून खाली गेले. परबांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमी हय काय करतात?"

"लग्नाला आले होते. विष्णू ना तो?"

"मग कोण?"

"बोलतात तुमच्याशी?"

"नाय."

"पुस्तक वाचलं त्यांनी?"

"माका काय म्हायत? परत तरी धाडूक नाय." त्यांनी नाक शिंकरलं. "बोलाचा नसात तर नसो. बांध सगळ्यांचो."

"रोज येता?"

"तुमकां कित्याक होयो? पेपर तपासा जावा."

मी वळणार तेवढ्यात खालचा माणूस कमरेतून उभा राहिला. हातात तरव्याची, भाताच्या रोपांची, जुडी, कोपरापर्यंत चिखल. त्याने परबांकडे पाहिलं नाही. त्यांच्या पायांपासून शेतात पडलेल्या सावलीकडे पाहिलं.

"माझ्या तरव्यार सावळी पडता," विष्णू म्हणाला. "बाजूक हो."

 आता परब काय बोलतील म्हणून मी थांबले. परबांनी उजव्या खांद्यावरून मागे बघितलं, हात बाहेर काढून वळत असल्याचं दाखवलं आणि बांधावरून चालत पलीकडे गेले, जिथून सावली रस्त्याच्या बाजूला पडत होती. तिथे पुन्हा हात मागे बांधून उभे राहिले. विष्णू वाकला आणि लावायला लागला.